ओळखीची गोळी

लग्नातल्या धवल्याचं गाणं म्हणता म्हणता पार्वतीबाई मध्येच थांबल्या. श्वास घ्यायला माणूस थांबतं तशा नव्हे. फळीवरचा डबा नेहमीच्या जागी नसला की हात जसा हवेतच राहतो, तसा त्यांचा आवाज राहिला. दिघाशीच्या त्या अंगणात मांडव भरला होता, नवरी पाटावर हळदीने पिवळीधमक होऊन बसली होती, बेंजोवाले बाहेर तंबाखू मळत आपली पाळी कधी येते त्याची वाट बघत होते. ‘खाडीचे पल्याड दिवा जलतो’ ही ओळ पार्वतीबाईंनी म्हटली, शेजारी बसलेल्या सीताबाईने रिवाजाप्रमाणे ती मागून ओढली, ‘दिवा जलतो गो दिवा जलतो’, आणि पुढची ओळ यायच्या जागी परत दिवाच आला. सीताबाईने तोही मुकाट ओढला. पुन्हा दिवा आला तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पार्वतीबाईंनी नवरीच्या कपाळाकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या तांदळाकडे, मग खांबाला टेकून उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडे, दिपालीकडे, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “कोनाचं लगीन हाय गो?”

मांडव हसला. हसणारच. धवलारीण म्हणजे आगरी लग्नाची खरी मालकीण. भटजी येतात, मंत्र म्हणतात आणि मोटरसायकलला किक मारून पुढच्या मांडवाला निघून जातात. पण हळद लागल्यापासून पाठवणीपर्यंत नवरीचा हात असतो तो धवलारणीच्या हातात. देवांना गाऊन बोलवायचं तिने, पितरांना बोलवायचं तिने, नवरीच्या बापाला रडवायचं तेही तिनेच. आता मालकीणच विचारायला लागली की लग्न कोणाचं, तर हसू नाही येणार? “म्हातारीला चाय द्या रे कोनतरी,” असं कुणीसं म्हणालं. दिपालीही हसली. तिचं ते हसू पुढे कितीतरी दिवस घशात अडकलेल्या काट्यासारखं तिच्या आत राहिलं, कारण हसतानाही तिला दिसलं होतं, की आईंनी तो प्रश्न थट्टेने विचारला नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि ज्या सुनेला विचारलं, ती सून आहे हेही त्यांना त्या क्षणी नक्की आठवत होतं की नाही, कोण जाणे. सीताबाईने त्यांच्या कानाशी नवरीचं नाव सांगितलं, कोणीतरी पाठीवर हात फिरवला, आणि गाडी रुळावर आली. धवला पुरा झाला. पण त्यातला नवरीच्या बापाचा भाग पार्वतीबाईंनी गाळला, आणि बाप बिचारा खिशात रुमाल धरून तसाच उभा राहिला.

परतताना गाडी दिपालीचा नवरा कुणाल चालवत होता. मागे आईचा हात हातात घेऊन बसलेल्या दिपालीला तो हात तापलेल्या तव्यासारखा लागला. “आईला ताप आहे,” ती म्हणाली. “अगं ऊन बघ काय पडलंय,” कुणाल म्हणाला. “दिवसभर मांडवात बसली, पाणी नाही, काही नाही. टेन्शन नको घेऊ, घरी गेल्यावर ग्लुकोज पाजू.” पाणी नाही, हे त्याने असं सांगितलं की जसं आई चष्मा लावत नाही किंवा आईला वांगं चालत नाही. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. धवलारीण एकदा पाटाशेजारी बसली की अक्षता पडेपर्यंत उठत नाही. ती उठली की धवला तुटतो, आणि धवला तुटला की पोरीच्या संसाराला खोट लागते. हे पार्वतीबाईंना त्यांच्या आत्याने सांगितलं होतं, आत्याला तिच्या सासूने. आता पाणी प्यायचं म्हणजे उठायचं आलं, आणि लग्नघरात उठून जायचं तरी कुठे; पूर्वी खाडीकाठच्या झुडपांत, नंतर कुणाच्या तरी घरामागे, हल्ली मांडवाच्या कडेला उभ्या केलेल्या त्या प्लास्टिकच्या खोक्यात, जिथे बाहेर पुरुषांची रांग. त्यापेक्षा न पिणं बरं. आदल्या संध्याकाळपासूनच पार्वतीबाई पाणी तोडत. ओठ सुकले की सुपारीचं खांड तोंडात धरत. आणि दर हंगामात त्यांना उन्हाळी लागे. उन्हाळी म्हणजे लघवीची ती आग. बायकांनी जिचं नावसुद्धा हळू आवाजात घ्यायचं, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, आणि चारचौघांत उन्हाला दोष द्यायचा.

गोळीची गोष्ट त्या उन्हाळीतूनच निघाली. दिपाली या घरात यायच्या आधी कधीतरी एका डॉक्टरांनी पार्वतीबाईंना त्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, लाल-पिवळ्या कॅप्सूल. दोन दिवसांत आग थांबली. आग थांबली म्हणजे काम झालं, मग उरलेल्या कशाला खायच्या? चांगल्या घरातली बाई शिजलेला भात टाकत नाही, तर औषध टाकेल? उरलेल्या त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या, आणि पुढच्या लग्नाला निघताना एक आधीच तोंडात टाकली. त्या दिवशी त्रास झाला नाही. झालं, तेव्हापासून ती लग्नाची गोळी झाली. जसा चुना विड्याबरोबर, तशी ती गोळी धवल्याबरोबर. पुढे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याइतकीच अडकलेली आणखी एक बाई मांडवात असते, ती म्हणजे नवरी. नववारी, कमरपट्टा, डोक्यावर फुलांचा भार आणि भोवती अख्खं गाव. ती बिचारी कुठे जाणार? मग पार्वतीबाई नवरीलाही एक देऊ लागल्या. हळद, तांदूळ, दिवा आणि गोळी. टेमघरापासून दिघाशीपर्यंत किती पोरींनी ती त्यांच्या हातून घेतली असेल, याचा हिशेब त्यांच्याकडेही नसेल.

दिपालीनेही घेतली होती. स्वतःच्या लेकाच्या लग्नात धवला म्हणायचा नाही अशी रीत, म्हणून त्या दिवशी पार्वतीबाई नुसत्याच वरमाई होत्या, तरी त्या गर्दीतून वाट काढत तिच्या खोलीत आल्या. दिपाली आत बसली होती, कोणाला काय विचारावं कळत नव्हतं. ही मोठ्या आवाजाची, रुंद कुंकवाची बाई आपली सासू, हे बघून आधीच जीव अर्धा झालेला. तर त्या बाईने दार लोटलं, पदराची गाठ दाताने सोडली आणि तिच्या तळव्यावर ती कॅप्सूल ठेवली. “तोंडान टाक गो बाय. दिसभर उठायचा काम न्हाय.” मग ओंजळीने एकच घोट पाणी पाजलं आणि तिच्या केसांतून निसटलेला आकडा नीट खोचून निघून गेल्या. सासरी आपलं कुणीतरी आहे, ही खूणगाठ दिपालीने त्या क्षणी बांधली. पुढे संसारात खटके उडाले, भांडी आपटली गेली, अबोले झाले. पण प्रत्येक वेळी मनाच्या तळाशी तो तळहात असायचा, त्यावर ती लाल-पिवळी कॅप्सूल. तिच्यासाठी ते औषध कधी नव्हतंच. ती सासूची माया होती.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर माधवीने विचारलं, “याआधी काही गोळ्या घेत होत्या का? अँटिबायोटिक वगैरे?” तेव्हा दिपालीने क्षणाचाही विचार न करता “नाही, काहीच नाही,” असं सांगितलं. खोटं बोलावं असं तिच्या मनातही नव्हतं. हळद घेत होत्या का, विडा खात होत्या का, असं कोणी विचारलं तर ते औषधाच्या खाती कोण सांगेल? डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाच्या काळ्या कडा. तिने लघवी तपासायला पाठवली आणि म्हणाली, “लघवीला जंतुसंसर्ग झालाय. या वयात आधी डोक्यावरच परिणाम दिसतो, माणसं गोंधळतात. अहवाल यायला वेळ लागेल, तोवर हे सुरू करू.” खाली मेडिकलवाल्याने पाकीट पुढे केलं आणि दिपालीने बघितलं, तर आत त्याच लाल-पिवळ्या. तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अरे, ही तर आपलीच! परक्या गावात आपल्या आळीतलं कोणी भेटावं तशी ती त्या पाकिटाकडे बघत राहिली. हिने कधी दगा दिला नव्हता. टेमघर नाक्यावरचा प्रितम मेडिकलवाला तर चिठ्ठीही मागत नसे. दिपालीला दुरून बघितली की हात आपोआप त्या खणाकडे जायचा. “काकी, कुठलं लग्न?” एवढंच विचारायचा. आईला बरं वाटेल, ती मनाशी म्हणाली, ओळखीची गोळी आहे.

नाही वाटलं. तापाने जराही पाय मागे घेतला नाही. पार्वतीबाई पलंगावर बसून मांडीवरच्या चादरीवर नसलेले तांदूळ निवडू लागल्या. समोरच्या भिंतीवर कोणाकोणाला बोलावून पाटावर बसवू लागल्या. सासरे काळूराम दाराशी उभे राहून बघायचे आणि चपला घालून बाहेर निघून जायचे; ज्या बाईने आयुष्यभर त्यांना धाकात ठेवलं ती त्यांना ‘भाऊ, वाट सोडा’ म्हणाली, हे त्यांना सोसवेना. डॉक्टरने गोळी बदलली. ती दुसरीही निमूट गिळली गेली, आणि जणू पाण्यात पडली. मग दवाखान्यात आणून ठेवलं, हाताला सुई, बाजूला पिशवी. खिडकीच्या मागे कुठल्याशा गल्लीत कापड विणायचे लूम चालू होते, त्यांची ती खटाखट भिंतीतून पलंगापर्यंत यायची, आणि पार्वतीबाई त्या ठेक्यावर बोटं हलवायच्या. दिपालीला वाटायचं, ठेका आहे म्हणजे आत कुठेतरी गाणंही असेल. गाणं असेल तर आईही असतील. तिला बाकी काही नको होतं. आई घरी येऊन आरडाओरडा करोत, आमटीला नावं ठेवोत, पण ते आतलं जाऊ नये. कारण ते दुसरीकडे कुठेच नव्हतं. धवला लग्नाशिवाय तोंडात घ्यायचा नाही, अशी पार्वतीबाईंची शिस्त. बिनलग्नाचा धवला म्हटला तर देव येतात आणि मांडव नाही बघून रागावून परत जातात. थोरल्या दिरांची, महादूदादांची रुचिका कॉलेजात असताना कितीदा मोबाइल घेऊन मागे लागायची, “आजी, बोल ना, मी रेकॉर्ड करते.” “मशिनीन ठेवलास तर मग मना कोन बोलवील?” असं म्हणून आजी तिला पिटाळायची. मग हळूच जोडायची, “तुझ्या लग्नान ऐक. तुझ्यासाठी येगला धवला ठेवलाय, अजून कोनाला न्हाय बोललू.” रुचिकाचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं.

लघवीचा अहवाल आला, आणि डॉक्टर माधवीने दिपालीला बाहेर बोलावलं. कुणाल तेव्हा गोडाऊनवर होता. त्यांच्या जुन्या भातखाचरांवर आता पत्र्याची मोठमोठी गोडाऊनं उभी होती आणि त्यातल्या एकाची देखरेख तो करायचा. “बघा,” डॉक्टर म्हणाली, “यांच्या लघवीत जो जंतू आहे, त्यावर नेहमीची सगळी औषधं निकामी झालीत. पोटातून घ्यायची एकही गोळी उरलेली नाही. शिरेतून द्यायचं एखाद-दुसरं इंजेक्शन आहे, ते सुरू करतेय. आधी कळलं असतं तर मधले दिवस गेले नसते. खरंच यांनी कधी काही घेतलं नव्हतं?” शेवटचं वाक्य ती रागाने बोलली नाही, थकून बोलली. आणि दिपाली मान हलवायला गेली, तोच तिला त्या भिंतीजवळ, त्या फिनेलच्या वासात, आपलाच हळदीने माखलेला तळहात दिसला, आणि तळहातावर ती. ती बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. लग्नाची गोळी, एक सकाळी, त्रास वाटला तर एक संध्याकाळी, हंगामभर, वर्षानुवर्षं, नवरीमुलींनाही. डॉक्टर ऐकत राहिली. मधे एकदा तिने डोळे मिटले. “मावशी,” ती शेवटी म्हणाली, “पुरं औषध दिलं तर जंतू मरतात. थोडं थोडं देत राहिलं तर त्यांना ते सवयीचं होतं. दर वेळी थोडं शिकतात. असं करता करता त्यांना सगळं पाठ होतं.”

पाठ होतं. हा शब्द दिपालीच्या काळजात घुसून बसला. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या मागे मांडवामांडवातून हिंडली होती. हातात हळदीचं ताट, कानावर धवला. प्रत्येक लग्नात थोडा थोडा. आणि तिला काय पाठ झालं? दोन चार सुरुवाती, एखादं धृपद. लक्षच कधी दिलं नव्हतं. कधी जेवणाच्या पंगतीची काळजी, कधी नवऱ्याचा फोन, कधी नुसता कंटाळा. आई आहेत की म्हणायला. तिच्याबरोबर त्याच मांडवांत, त्याच बाईच्या देहात बसून ते डोळ्यांना न दिसणारे जीव मात्र कान देऊन ऐकत होते. त्यांनी एकही लग्न चुकवलं नाही. जे सुनेने शिकायचं ते सुनेने शिकलं नाही, आणि जे कोणीच शिकू नये ते शिकणारे शिकून बसले. आणि शिकवणी पोचवली कोणी? प्रितमच्या दुकानातून, पिशवीत घालून, लिंबू-मिरच्यांबरोबर, तिनेच. काळूरामांना संध्याकाळी सांगितलं, तर ते म्हणाले, “गोलीनं वाईट कसा होईल? आजवर एका पोरीला तरी बाधली काय?” खरंच, एकीलाही बाधली नव्हती. बाधली ती देणारीला. की त्या पोरींनाही उद्या बाधेल, हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तेच बरं असंही वाटलं.

सीताबाई भेटायला आली ती मोसंबी घेऊन. मोसंबी खुर्चीवर ठेवून ती पलंगाच्या कडेला मांडवात बसायची तशीच उजव्या हाताला बसली. पार्वतीबाईंचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. आणि एकदम, दुपारच्या त्या शांततेत, त्या गायला लागल्या. देवांना बोलवायच्या धवल्याचं एक टोक, मग मध्येच पाठवणी, मग तेलवणाची एक ओळ, मग कुणा नवरीचं नाव, तिसऱ्याच कुणाच्या बापाचं नाव. सगळ्या लग्नांचे मांडव एकात एक घुसलेले. नर्स वळून बघू लागली. सीताबाईचा चेहरा पांढरा पडला. “बाय, बिनलग्नाचा बोलू नको गो,” ती कळवळून म्हणाली, “देव येतील आनि जातील.” पण तोंड हे म्हणत असताना तिला राहवलं नाही, पार्वतीबाईंची ओळ संपली की हिच्या घशातून मागची ओळ आपोआप यायची. दिपालीने पिशवीतून फोन काढला. बटणावर अंगठा नेला. समोर ओली चादर, विस्कटलेले केस, नळीने सुजलेला मनगटाचा भाग, तोंडातून निसटलेली दातांची कवळी. ज्या बाईने मांडवाशिवाय ओठ उघडला नाही तिला असं पकडून ठेवायचं? तिने फोन परत आत टाकला आणि सासूचा हात धरला. पुढे तिला या गोष्टीचा पश्चात्ताप झाला, आणि पश्चात्ताप झाला याचीही लाज वाटली. आवाज हळूहळू विरला. बराच वेळ सीताबाई कान देऊन बसली. मग म्हणाली, “बोल ना पुढं. मी हाय मागं.” पुढचं आलं नाही. जाताना तिने दिपालीला दारात गाठलं आणि लहान मुलीसारखी रडली. “मना मागचा येतो गो, सगला मागचा येतो. पुढचा एक बी न्हाय येत. ती होती म्हनून मी कंदी शिकलूच न्हाय.”

इंजेक्शन लागू पडलं. ताप उतरला, लघवी निवळली, डॉक्टर माधवी पहिल्यांदा हसली तेव्हा तिच्या गालाला खळी पडते हे कळलं. “मूत्रपिंडं वाचली. नशीब म्हणा,” ती म्हणाली. “डोक्याचं मात्र बघावं लागेल. काही माणसं हळूहळू पूर्ववत होतात. काही नाही होत. आणि यापुढे भरपूर पाणी, लागली की लगेच जायचं, रोखून धरायचं नाही, आणि गोळी आम्ही सांगितल्याशिवाय नाही.” कुणालने पेढे वाटले. महादूदादा गाडी धुऊन आईला न्यायला आले. कागदावर लिहिलं होतं की रुग्ण बरा होऊन घरी गेला. तसं ते खरंच होतं. घरी आल्या त्या पार्वतीबाई जेवायच्या, झोपायच्या, काळूरामांनी दिलेला पेपर उलटा धरून बघायच्या. आमटीला नाव ठेवत नसत. काय वाढाल ते गोड. पाण्याचा ग्लास पुढे केला की शहाण्या पोरीसारखा संपवायच्या, आणि लागली की उठायच्या. आता त्यांना उठायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि त्याचंच दिपालीला सगळ्यांत वाईट वाटायचं. बाहेरून एखादी वरात बेंजो वाजवत गेली की त्या खिडकीशी जायच्या. “कोनाचं लगीन हाय गो?” दिपाली नाव सांगायची. माहीत नसलं तरी सांगायची. कधीकधी भांडी घासता घासता ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, ‘खाडीचे पल्याड दिवा जलतो,’ आणि थांबायची. रीत मोडली तर मोडली. पार्वतीबाई मान डोलवायच्या, छान आहे म्हणायच्या, कोणाचं आहे विचारायच्या.

वैशाख आला. रुचिकाच्या लग्नाला पडघ्याकडून दुसरी धवलारीण बोलावली, तरणी, हातात माइक, गळा गोड. तिचे धवले वेगळे होते, चाली वेगळ्या, आणि त्यात वावगं काही नव्हतं. सीताबाई नवी साडी नेसून आली होती; उजव्या हाताला जाऊन बसली, दोनदा ओळ ओढायला गेली आणि चुकली, मग पदराने तोंड पुसत बसून राहिली. आजीने वेगळा ठेवलेला तो धवला कसा होता, कोणत्या चालीत होता, त्यात रुचिकाचं नाव कुठे येणार होतं, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. पार्वतीबाईंना भिंतीशी खुर्चीत बसवलं होतं. धुतलेली साडी, कपाळभर कुंकू, शेजारी पाण्याची बाटली. येणारे-जाणारे पाया पडत होते, त्या प्रत्येकाला सुखी राहा म्हणत होत्या. लोक म्हणत होते, म्हातारी किती शांत झाली.

हळद लागली आणि रुचिका आजीच्या पाया पडायला आली. पिवळे हात, पिवळा गळा, डोळे आधीच भरलेले. पार्वतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा हात आपल्या पदराकडे गेला. टोक चाचपलं. गाठ नव्हती. दुसरं टोक ओढून पुढे घेतलं, तेही मोकळं. त्यांच्या कपाळाला आठी पडली, श्वास जोरात व्हायला लागला, बोटं पुन्हा पहिल्या टोकाकडे धावली. काय शोधताहेत ते दिपालीला लगेच कळलं. ती पुढे झाली. पण तेवढ्यात पार्वतीबाईंनी ते मोकळं टोक दाताशी नेलं, नसलेली गाठ सोडली, चिमटीत काहीतरी धरलं आणि रुचिकाचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवलं. तिची बोटं आपल्या हाताने मिटली. “तोंडान टाक गो बाय,” त्या म्हणाल्या, आणि आवाज तोच होता, जुना, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा. “दिसभर उठायचा काम न्हाय.”

दवाखान्यातून आल्यापासून त्या एवढं सलग काही बोलल्या नव्हत्या. सगळं गेलं होतं, देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं, बापाला रडवायचं. आणि हे एवढं राहिलं होतं. रुचिकाने मूठ उघडून पाहिली. रिकामा तळहात. तिने घाबरून काकीकडे पाहिलं. दिपालीला वाटलं, हिचा हात धरावा, सांगावं की नको, याच मायेने आपलं घर बुडवलं. पण खुर्चीतली बाई इतक्या आशेने बघत होती. दिपालीने होकाराची मान हलवली. रुचिकाने तळहात तोंडाला लावला आणि नसलेली गोळी गिळली.

दिपालीने बाटलीतलं पाणी ग्लासात काठोकाठ ओतलं. “घोटभरच दे,” पार्वतीबाई लगबगीने म्हणाल्या, “जास्ती नको, उठाया लागंल तिला.” थोडं पाणी रुचिकाच्या हळदीच्या पायांवर सांडलं. तिने ग्लास रुचिकाच्या ओठांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

“सगळं पी,” ती म्हणाली. “आणि लागली की उठ. धवला तुटला तर तुटू दे.”

रुचिका रडत रडत सगळा ग्लास प्यायली.